लाल दिवा विझल्यावर

तीन मिनिटांत माझे बाबा अकरा शब्द बोलले. मी मोजले, कारण तिथे बसून दुसरं काही करताच येत नव्हतं.

"मी चौकातला चावीवाला. गेली एकोणीस वर्षं याच फुटपाथवर माझी टपरी आहे."

एवढंच. त्यातल्या एकट्या 'फुटपाथवर'ला पाऊण मिनिट लागलं. पुढचं वाक्य 'पोट' या शब्दाने सुरू होत होतं. 'प' म्हणजे बाबांचा जुना वैरी. प, प, प करत ते उभे, मान ताठ, डोळे गच्च मिटलेले, आणि तेवढ्यात टिंग.

समितीच्या अध्यक्षासमोर एक पितळी घंटी होती, वरून तळहाताने दाबायची असते तसली. त्याने ती दाबली आणि माईकमध्ये म्हणाला, "वेळ संपली. पुढच्या वेळी जरा तयारी करून या. पुढचे!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणाऱ्याच्या शेजारचा हसला. आणि बाबा काय म्हणाले माहितीये? "धन्यवाद." हा शब्द मात्र एका दमात, सरळ, लोण्यातून सुरी जावी तसा निघाला.

त्या धन्यवादने माझं डोकं फिरलं. शिवी दिली असती तर चाललं असतं. मी त्या दिवसापासून त्या माणसाला 'घंटी' म्हणायला लागले आणि ठरवलं, याला मी याच हॉलमध्ये, याच माईकवर रडवणार.

भानगड अशी होती. आमच्या चौकातल्या फुटपाथवर सव्वीस टपऱ्या. त्या उचलून मागच्या गल्लीतल्या नव्या गाळ्यांत टाकायच्या, असं पालिकेच्या मनात. मागच्या गल्लीत कुत्रंसुद्धा वाट चुकल्याशिवाय येत नाही. चावी हरवलेला माणूस घामाघूम होऊन रस्त्यावर चावीवाला शोधतो, गल्ली शोधत बसत नाही. ज्याची हरकत असेल त्याने येऊन बोलावं, प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि स्वतःच बोलायचं, दुसऱ्याने वाचून दाखवायचं नाही.

"मी वाचते ना त्यांच्या वतीने," मी कारकुनाला म्हटलं होतं.

"नियम आहे," कारकून म्हणाला. "पूर्वी एक दलाल यायचा, तीस जणांच्या वतीने बोलायचा. तिसांतल्या अठ्ठावीस जणांना पत्ताच नसायचा आपण काय बोललो ते. म्हणून हा नियम."

म्हणजे नियमाला कारण होतं. मला तेव्हा कारणं नको होती.

आणि टपऱ्या उठवा म्हणून अर्ज कुणाचा? वाचनालयातल्या ताईंचा. त्या चाकाच्या खुर्चीवर असतात. घर ते वाचनालय सरळ फुटपाथ, पण टपऱ्यांमुळे त्यांना खाली रस्त्यावर उतरावं लागायचं, गाड्यांच्या मध्ये. एकदा एका टेम्पोने त्यांना घासलं, कोपर सोलून निघालं. मी एकदा त्यांच्याशी भांडायला गेले होते. पुस्तकांवर शिक्के मारता मारता त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांची टपरी माझ्या वाटेत आहे. तुझे बाबा नाहीत. फरक कळतो का?"

"नाही कळत," मी म्हटलं.

"मग शाळा एवढ्यात सोडायला नको होतीस."

शाळा मी नववीत सोडली. म्हणजे गणिताच्या बाईंनी मला डस्टर मारला, मी तो परत मारला, आणि माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला निघाला. असो.

त्या हॉलमध्ये माईक, स्पीकर सगळं भोंगाकाका बघायचे. पालिकेचं कंत्राट त्यांच्याकडे. मी त्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. "मला काम शिकवा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वायर गुंडाळता येते?"

मी वायर गुंडाळली. ते म्हणाले, "ही वायर आहे, लोकर नाही. सोड आणि परत गुंडाळ." असं सतरा वेळा. अठराव्या वेळी त्यांनी मला चहा पाजला आणि नाव ठेवलं शिट्टी. माईक स्पीकरच्या फार जवळ गेला की कर्कश्श शिट्टी बसते ना, तशी मी म्हणे कुठल्याही माणसाच्या जवळ गेले की वाजते.

मी गेले होते सूड घ्यायला आणि काम आवडलं, हा वेगळाच घोटाळा झाला. आवाजाच्या मिक्सरवर आठ पट्ट्या असतात. पट्टी वर सरकवली की त्या माईकचा माणूस बोलतो, खाली ओढली की तो मुका. एवढी मोठमोठी माणसं, आणि सगळी माझ्या आठ बोटांखाली. दोन उरलेली बोटं नाक खाजवायला.

पण खरी गोष्ट मला दुसऱ्या आठवड्यात कळली. अध्यक्षाच्या माईकला मुळाशी एक बटण आहे आणि मानेभोवती लाल दिव्याचं कडं. बटण दाबलं की लाल जातं, माणसाला वाटतं माईक बंद. बंद बिंद काही होत नाही. बटण दोन वर्षांपूर्वी बिघडलं, पालिकेने नवीन दिलं नाही, काकांनी आतून वायर थेट जोडून टाकली. बटणाने आता फक्त दिवा जातो. आवाज बंद करायचा तर मिक्सरवर बसलेल्याने पट्टी ओढायची.

"हे त्यांना माहिती आहे?" मी विचारलं.

"दोन वेळा लेखी दिलंय. फाईल कुठेतरी सुखात असेल." काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून थांबले. "शिट्टी, एक ऐक. लाल गेलं की तुझा हात खाली. शिंकायच्या आधी, श्वास घ्यायच्या आधी. आणि हेडफोनमध्ये चुकून काही ऐकू आलं तर ते तू ऐकलंच नाहीस. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. आणि मला खरंच कळलं. पूर्ण कळलं.

घरी बाबांची तयारी चालली होती. दुसरी, म्हणजे शेवटची सुनावणी दोन महिन्यांवर. मी त्यांचं भाषण लिहून काढलं आणि त्यातले वैरी शब्द एकेक करून हाकलले. 'पोट' गेलं, 'घर चालतं' आलं. 'पादचारी' गेले, 'चालणारे' आले. 'परवाना' काही केल्या जाईना.

"लायसन म्हणा," आई पोळपाटावरून म्हणाली.

"अगं, ला-ला-लायसन पण अ-अडतं," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. घरात ते हसतात. घरात ते बोलतातही बरंच, कारण घरात कुणी घड्याळ लावत नाही. आता मी लावत होते. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं. मग सात. मग साडेपाच. शेवटी चार मिनिटं दहा सेकंद, आणि तिथे गाडी जी रुतली ती रुतली. मी ओरडायचे, "बाबा, जरा लवकर!" आणि मी ओरडले की ते पाचवर जायचे.

"राहू दे," ते एकदा म्हणाले. "तीन मिनिटांत जे-जेवढं होईल तेवढं. बोललो एवढं तरी झालं पा-पाहिजे. माझ्या तोंडून."

"तुम्ही तुमचं बघा. त्या घंटीचं मी बघते."

"म्हणजे?"

"काही नाही."

बाबांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. कुलूप बघतात तसं.

सुनावणीच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. आत जागा नाही म्हणून अंगणातही माणसं, आणि त्यांच्यासाठी काकांनी खांबावर दोन भोंगे चढवले होते. बाबा चौदा नंबर. इस्त्रीचा शर्ट, खिशात चार घड्या घातलेला कागद. काका स्पीकरच्या एका पेटीशी खटपट करत होते, म्हणून मिक्सरवर मी एकटी.

घंटी आपलं काम करत होता. टिंग, पुढचे. टिंग, पुढचे. वाचनालयाच्या ताई चौथ्या होत्या. त्या दोन मिनिटं पन्नास सेकंदांत बोलून मोकळ्या झाल्या, उरलेले दहा सेकंद घंटीकडे टक लावून बघत बसल्या. मोबाईलची कव्हरं विकणारा नवव्या नंबरला. तो तावातावाने बोलत होता आणि नेमकं मुद्द्यावर आला तेव्हा टिंग. "अहो साहेब, एकच वाक्य!" "सर्वांना समान वेळ. पुढचे!"

बारा नंबर झाला आणि घंटीने जाहीर केलं, "दहा मिनिटांची विश्रांती." बटण दाबलं. लाल गेलं.

माझा हात पट्टीवर होता. मी तो खाली ओढला नाही. हॉलमधल्या पेट्यांच्या पट्ट्या मात्र खाली घेतल्या. म्हणजे आत काही ऐकू जाणार नाही, बाहेर अंगणात सगळं. लोक चहाला अंगणातच निघाले होते. बाबाही. मी खिडकीशेजारी बसले होते, मला दोन्ही दिसत होतं. टेबलाशी घंटी आणि कारकून, बाहेर शे-दीडशे माणसं. पंख्यांच्या घरघरीत टेबलापर्यंत बाहेरचं काही पोचत नव्हतं.

भोंग्यातून घंटीचा आवाज आला, अगदी घरगुती.

"अजून किती राहिलेत? चौदा? लवकर उरकू. निकाल तर लिहून तयारच आहे."

अंगणातले कप जागच्या जागी थांबले.

"गाड्या सांगितल्यात का?"

"सोमवारी सकाळी सात वाजता येतील साहेब, टपऱ्या उचलायला," कारकून म्हणाला.

"चांगलं. ऐकून घ्यायला लागतं बाबा, नियम आहे."

बाहेर कुणीतरी "च्यायला" म्हणालं. ताईंची खुर्ची दारात होती, त्यांनी भोंग्याकडे मान वर केली आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मला काय वाटलं सांगू? दिवाणखान्यात चोर पकडावा आणि सगळी आळी दारात उभी असावी, तसं. सापडला!

तेव्हाच पट्टी ओढली असती तर आज मी ही गोष्ट छाती काढून सांगितली असती.

पण मला ते पुरलं नाही. त्याने अजून बाबांचं नाव कुठे घेतलं होतं? मला ते हवं होतं. त्याने बाबांची नक्कल करावी, प-प-प करावं, आणि शंभर माणसांनी ते ऐकावं. मी थांबले.

"चला, मी जाऊन येतो," घंटी म्हणाला. "डॉक्टरने गोळी बदलल्यापासून दर अर्ध्या तासाला जावं लागतं. मागच्या मिटिंगला खुर्चीतच... काय सांगू तुम्हाला. आता जादाची पँट बॅगेत ठेवतो."

अंगणात आधी शांतता. मग फिस्स. मग सगळे. पोट धरून हसले लोक. तेच हसणं होतं, बाबांच्या वेळचं, तोच आवाज. आणि मला गोड लागलं. खोटं कशाला बोलू? जिभेवर साखर ठेवल्यासारखं गोड लागलं.

बाबा हसत नव्हते. ते भोंग्याकडे बघत होते, मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे.

"साहेब," कारकून म्हणाला, "चौदा नंबर तो चावीवाला आहे. परत तसंच होणार."

आलं. मी पुढे वाकले.

निघालेला घंटी परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "त्याला घंटी वाजवायची नाही."

"म्हणजे?"

"घड्याळ पालथं घालून ठेवतो. बोलू दे त्याला हवं तेवढं. मागच्या वेळी मी त्याला थांबवलं आणि तो मला धन्यवाद म्हणाला. धन्यवाद! घरी सांगितलं तर ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि त्याच्या एकट्याच्या टपरीचं काही करता येतंय का बघू. पण बाहेर बोलू नका. नाहीतर सव्वीसच्या सव्वीस मागे लागतील."

माझा हात तेव्हा खाली आला. तेव्हा. सगळं बाहेर सांडून झाल्यावर.

अंगण एका क्षणात हॉलमध्ये घुसलं. गाड्यांचा जाब विचारायला घुसलं असतं तर मी नाचले असते. पण सगळ्यात पुढे कव्हरवाला, आणि तो घंटीकडे नाही, बाबांकडे वळला.

"आधीच सेटिंग लावलं होतं होय? एकट्याची टपरी वाचवता?"

बाबा मान हलवायला लागले. "न-न-न..." 'नाही' म्हणायचं होतं. 'न' कधी अडत नाही त्यांचा. त्या दिवशी अडला.

"आणि त्यांना घड्याळ नाही, आम्हाला आहे! आमच्या जिभा सरळ आहेत ही आमची चूक?"

"बरोबर आहे!" तीन-चार जण ओरडले.

त्या गोंधळात ताईंनी खुर्ची थेट टेबलाला नेऊन आपटली. "निकाल लिहून तयार होता तर मला चार नंबर कशाला दिलात? मला फुटपाथ हवाय, साहेब. असा चोरून नकोय. उद्या हीच माणसं म्हणतील, हिने आतून काम करून घेतलं."

घंटीला काही कळेना. तो बटणाकडे बघत होता, दिव्याच्या कड्याकडे बघत होता. बटण दाबलं, लाल आलं. दाबलं, लाल गेलं. "हा चालू होता?"

काका धावत आले. "साहेब, बटण दोन वर्षांपासून खराब आहे, आम्ही लेखी..."

"बटण नाही," मी उभी राहिले. "मी चालू ठेवला. मुद्दाम."

"तू कोण?"

"चौदा नंबरची मुलगी."

मला वाटलं तो ओरडेल. मी तयारी करून ठेवली होती, काय काय बोलायचं ते. तो ओरडलाच नाही. त्याने बाबांकडे बघितलं, मग आपली बॅग उचलली. ती जादाच्या पँटची बॅग. सगळा हॉल त्या बॅगेकडे बघत होता आणि त्याला ते माहीत होतं. उचलताना कोपर पितळी घंटीवर पडलं. टिंग. कुणीतरी मागून म्हणालं, "वेळ संपली!" आणि परत सगळे हसले. तो खाली मान घालून गेला. म्हातारा निघाला तो, चालताना. बसलेला असताना कळत नव्हतं.

अध्यक्ष नाही म्हणून सुनावणी रद्द, आधी लिहिलेला निकाल रद्द, सोमवारच्या गाड्या रद्द. एक महिन्याने नवीन समितीपुढे सगळं पहिल्यापासून. म्हणजे मी टपऱ्या महिनाभर वाचवल्या की नाही? वाचवल्या. कुणी थँक्यू म्हटलं नाही.

काकांनी वायरी गुंडाळल्या. मला हात लावू दिला नाही.

"गाड्यांचं ऐकवलंस, तिथवर मी तुझ्या बाजूने भांडलो असतो," ते म्हणाले. "कंत्राट गेलं असतं तरी भांडलो असतो. लघवीचं कशाला ऐकवलंस?"

"त्याने बाबांना सगळ्यांसमोर..."

"शिट्टी, तुझा हात पट्टीवर होता. तू झोपली नव्हतीस. उद्यापासून येऊ नकोस."

बाबा घरी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मीच भडकले. म्हटलं, "काय ते बोला एकदा! मी तुमच्यासाठी केलं!"

ते कानस पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, आणि त्यांना खूप वेळ लागला, पण मी या वेळी लवकर म्हटलं नाही, "एकोणीस वर्षांत या चौकातल्या कि-कितीतरी घरांच्या चाव्या मी केल्या. माझ्याशी भांडले त्यांच्यापण. माझी नक्कल करतात त्यांच्यापण. एक चावी जा-जास्तीची करून ठेवली का कधी?"

"नाही."

"का नाही के-केली?"

ते परत कानस पुसायला लागले.

नवीन सुनावणीला नवीन अध्यक्षबाई होत्या, नवीन माईक, आणि भिंतीवर लाल आकड्यांचं मशीन. तीन मिनिटं झाली की माईक आपोआप बंद. घंटी नाही, पट्टीवर कुणाचा हात नाही. मागच्या प्रकारानंतर कुणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरलं म्हणे. मी शेवटच्या रांगेत बसून त्या आकड्यांकडे बघत होते. घंटीला निदान हात होता, त्याच्याकडे पालथं घालायला घड्याळ तरी होतं. या मशीनला मी आणलं होतं.

बाबांचा नंबर आला. ते उभे राहिले आणि कागद उघडलाच नाही. म्हणाले, "आधी एक. मा-माझी कुणाशी सेटिंग न-नव्हती."

बावन्न सेकंद. आम्ही घासून घासून चार मिनिटं दहावर आणलेल्या भाषणात हे वाक्य नव्हतंच. हे माझ्यामुळे आलं होतं.

मग ते एकोणीस वर्षांवर आले, मग घरावर. मग म्हणाले, "ताईंची खु-खुर्ची मी मोजली. ती..." आणि कट. शून्य शून्य शून्य. ओठ हलत होते, आवाज नाही.

"वेळ संपली," कव्हरवाला म्हणाला.

बाबा बसले नाहीत. माईकपासून एक पाऊल बाजूला झाले आणि तसेच बोलत राहिले. बारीक आवाज त्यांचा. हॉलमध्ये कुजबुज, खुर्च्या सरकताहेत, काही म्हणता काही ऐकू येईना. अध्यक्षबाई म्हणाल्या, "माईक बंद झाल्यावर बोलता येणार नाही, असं काही..." आणि कारकून नियमांचा कागद शोधायला लागला. तसा नियम सापडेना.

"गप्प बसा सगळे!" ताई ओरडल्या. "माझ्या खुर्चीबद्दल बोलतायत ते. मला त्यांना खोडून काढायचंय. आधी ऐकू तर द्या!"

हॉल गप्प झाला. एवढा गप्प की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. बाबा बोलले. खुर्ची अडुसष्ट सेंटीमीटर. टपरी भिंतीला लावून रुंदी निम्मी केली तर ती जाते. पण सगळ्या सव्वीस टपऱ्यांनी निम्मी केली तरच. मी माझी आजच करतो. सगळं मिळून किती वेळ लागला माहीत नाही. मशीन शून्यावर थांबलं होतं.

"अडुसष्ट नाही, पंच्याऐंशी धरा," ताई म्हणाल्या. "चाक फिरवायला कोपर लागतात. माणूस आहे मी, पेटी नाही."

"आमची का निम्मी?" कव्हरवाला म्हणाला. आणि मग जे भांडण सुरू झालं ते दोन तास चाललं.

शेवटी फुटपाथवर पिवळी रेघ आली. रेघेच्या आत टपरी, बाहेर वाट. बाबांची टपरी आता कपाटाएवढी आहे, दोन माणसं आत मावत नाहीत. कव्हरवाल्याने आपला स्टँड अजून चार बोटं बाहेर ठेवलाय, ताई रोज मुद्दाम त्याला धडकतात, रोज शिव्याशाप. तो बाबांशी बोलत नाही.

काकांकडचं काम सुटल्यापासून मी टपरीवर चाव्या करायला शिकतेय, एक जण आत, एक बाहेर स्टुलावर. आणि परवा सकाळी घंटी आला. टपरीवर. त्याने अध्यक्षपद सोडल्यालाही आता दोन महिने झाले. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि खिशातून चावी काढली.

"दाराची आहे. एक जास्तीची हवी. ही विसरायला लागलीये हल्ली."

बाबांनी चावी घेतली, उलटसुलट केली आणि माझ्या हातात दिली. "तू कर. मी चहा घे-घेऊन येतो." आणि गेले. सरळ उठून गेले! मला माहितीये ते मुद्दाम गेले.

तो फुटपाथवर उभा, मी आत. त्याच्या घराची चावी माझ्या मुठीत. मी कोरी चावी शिकंज्यात धरली आणि कानस घेतली. चौथा दात केसभर जास्त उतरवला असता ना, तर चावी आत गेली असती पण फिरली नसती. बायको आत, हा दारात, आणि दर अर्ध्या तासाला... मी सगळं चित्र डोळ्यांसमोर आणून बघितलं. मजा आली. अजूनही येते.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"बाबांना माहीत असतं. मी मोजत नाही."

मी चौथ्या दातावर आले. कानस थांबवली. जुनी चावी शेजारी धरली, उजेडात बघितलं, दोन हलके हात मारले आणि थांबले. मग पाचवा. मग सहावा. फुंकर मारून भुकटी उडवली, थोडी त्याच्या शर्टावर गेली. जाऊ दे.

दोन्ही चाव्या त्याच्या हातात ठेवल्या. दोनच.

"धन्यवाद," तो म्हणाला.

मी माफी मागितली नाही. त्यानेही नाही. पिवळ्या रेघेवरून तो हळूहळू चालत गेला, आणि ती चावी त्याच्या दाराला बरोबर लागली असणार, कारण मी केलीच तशी होती.